दिवस १७६ : झोप हे फळ आहे

आजचे श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २५ आणि २६
सोबत : या श्लोकांवरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या

काल आपण सहाव्या अध्यायातल्या २४व्या श्लोकापाशी थांबलो होतो. आजचे दोन श्लोक माझ्यासाठी नुसते अभ्यासाचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी रात्र झाली की मला भीती वाटायची, तेव्हा यांनीच हात दिला. म्हणून आजचं चिंतन रोजच्यापेक्षा लांबलं आहे. अंथरुणाला पाठ टेकली की ज्यांच्या छातीत धडधड सुरू होते, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं. आणि ज्यांना उशीवर डोकं ठेवताच झोप लागते त्यांनीही वाचावं. तुमच्याच घरात कोणीतरी आवाज न करता जागं असू शकतं.

श्लोकांचा भाव

२५व्या श्लोकात भगवंत सांगतात की बुद्धीला धीराचा आधार देऊन, मनाला आत्म्यात ठेवून, हळूहळू शांत व्हावं आणि मग दुसरा कसलाही विचार करू नये. ‘हळूहळू’ हा शब्द मूळ श्लोकात दोनदा येतो. एकदा म्हणून भागणार नाही, हे देवालाही माहीत असावं.

२६व्या श्लोकात ते पुढची पायरी सांगतात. मन चंचल आहे, ते पळणारच. ते जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं आणि आत्म्याच्या ताब्यात ठेवावं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मन पळालं म्हणून भगवंत रागावत नाहीत. पळालं तर साधना मोडली असंही म्हणत नाहीत. पळणं त्यांनी गृहीतच धरलं आहे. परत आणायचं, पुन्हा पळालं तर पुन्हा परत आणायचं, एवढंच.

हे सगळं ध्यानासाठी सांगितलं आहे, झोपेसाठी नाही, हे मला मान्य आहे. पण रात्री दिवा मालवल्यावर आपण आणि आपलं मन, असे दोघेच उरतो. दिवसभर मीटिंग, ट्रॅफिक, मोबाइल यांच्या आड लपलेलं सगळं तेव्हा वर येतं. इच्छा असो वा नसो, ती एक बैठकच असते. म्हणून हे श्लोक तिथेही लागू पडतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्यावर काय गुदरलं

तेव्हा आमच्या टीमवर एका मोठ्या रिलीजचं काम होतं आणि माझा ऑन-कॉलचा आठवडा चालू होता. सिस्टीममध्ये काही बिघडलं की रात्री-अपरात्री फोनवर अलर्ट यायचा. फोन उशीखालीच असायचा. पहिले तीन दिवस अलर्ट आले. चौथ्या रात्री एकही आला नाही. आणि त्याच रात्री साडेबाराच्या सुमारास, नुकता डोळा लागत असताना, पायरी चुकल्यासारखा अंगाला एक जोरदार हिसका बसला. मी ताडकन उठून बसलो. छाती धडधडत होती, तळव्यांना घाम, घशाला कोरड, बोटांना मुंग्या. श्वास घेतोय पण पुरतच नाही. मला खात्री झाली की हा हार्ट अटॅक आहे आणि शेजारी झोपलेल्या लेकीला आपण पुन्हा बघणार नाही.

बायकोने शेजारच्या काकूंना लेकीपाशी बसवलं आणि मला हॉस्पिटलमध्ये नेलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं. पहाटे डॉक्टर म्हणाले, “तुमचं हृदय व्यवस्थित आहे. हा पॅनिक अटॅक होता.”

ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण घरी आल्यावर नवीनच दुखणं सुरू झालं. आता मला हृदयाची भीती नव्हती, रात्रीची होती. संध्याकाळी सात वाजले की पोटात गोळा यायचा. जेवताना डोक्यात हिशोब सुरू व्हायचा: आज झोप लागेल का? अंथरुणावर पडलो की घड्याळ बघायचो. आत्ता लागली तर पाच तास चाळीस मिनिटं. आत्ता लागली तर चार तास पन्नास. असं करत पहाटेचे चार वाजायचे. आणि डोळा लागतोय असं वाटलं की त्या पहिल्या हिसक्याची आठवण होऊन पुन्हा दचकून जागा. एकदा लेकीने विचारलं, “बाबा, तू रात्री बसून का असतोस?” मला उत्तर देता आलं नाही.

नामाची मी गोळी केली

आता जे सांगतो ते सांगायला मला जास्त संकोच वाटतो.

आमच्या घरात हरिपाठ आजोबांपासून आहे. साहजिकच मी नामाला धरलं. माळ घेऊन अंथरुणावर पडायचो. एक माळ झाली की बघायचो, झोप आली का? नाही. दुसरी माळ. धडधड कमी झाली का? नाही. तिसरी. मुखाने रामकृष्णहरी आणि आत सगळं लक्ष छातीच्या ठोक्यांवर. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर दर सेकंदाला सर्व्हरला ‘झालं का, झालं का’ विचारत राहण्यासारखं ते होतं. एवढं विचारत बसल्यावर सर्व्हर आपलं मूळ काम कधी करणार?

पंधरा दिवसांनी मनात फार वाईट विचार आला. एवढं नाम घेऊनही भीती जात नाही, म्हणजे एक तर नामात काही नाही किंवा माझ्या श्रद्धेत खोट आहे. त्या काळात मी चिंतन लिहीत होतो, लोक वाचून छान म्हणत होते, आणि लिहिणारा मात्र रात्री अंधाराला घाबरत होता. आपण ढोंगी आहोत असं वाटून मी कोणाशी बोलेनासा झालो.

तुमच्यापैकी कोणाला असं वाटत असेल तर आधी अर्जुनाकडे बघा.

गुडाकेश थरथरतो

पहिल्या अध्यायात, २४व्या श्लोकात, संजय अर्जुनाला ‘गुडाकेश’ म्हणतो. परंपरेने याचा अर्थ सांगतात: गुडाका म्हणजे झोप, आणि तिचा जो स्वामी तो गुडाकेश. म्हणजे झोपेवर ज्याची सत्ता चालते असा माणूस. आणि त्यानंतर चारच श्लोकांनी, २८ ते ३० या श्लोकांत, हाच गुडाकेश स्वतःची अवस्था सांगतो. अवयव गळून गेले, तोंड सुकलं, अंग कापतंय, अंगावर काटा आला, गांडीव हातातून निसटतंय, कातडीची आग होतेय, उभं राहवत नाही, मन भ्रमल्यासारखं झालंय.

हॉस्पिटलमधल्या त्या पहाटे डॉक्टरांनी मला जी लक्षणं विचारली होती त्यातली निम्मी इथे आहेत! अर्जुनाला पॅनिक अटॅकच आला होता असं मी म्हणणार नाही. त्याचं कारण वेगळं होतं, त्याचा प्रश्न धर्माचा होता. पण भीतीने शरीराचं काय होतं ते व्यासांनी काही न लपवता लिहून ठेवलंय. आणि हे होत असताना प्रत्यक्ष भगवंत त्याच्या रथावर, हाताच्या अंतरावर बसले होते. देव जवळ असूनही अंग थरथरलं. म्हणून अंग थरथरतंय याचा अर्थ देव जवळ नाही, असा काढता येत नाही. माझ्या मनावरचं मोठं ओझं या एका विचाराने उतरलं.

आणखी एक गंमत बघा. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला दोन श्लोकांत चांगलंच खडसावतात: ही दुर्बलता सोड आणि ऊठ. त्याने काय झालं? अर्जुन उठला नाही. त्याने आपली अडचण पुन्हा सांगितली, मी लढणार नाही म्हणाला आणि गप्प बसला. त्यानंतर भगवंत जणू हसत बोलू लागतात आणि तिथून खरा उपदेश सुरू होतो. भ्यायलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ म्हणून भागत नाही, हे गीतेतच दिसतं. मग आपण मध्यरात्री आपल्याच मनाला ‘गप्प बस, झोप’ म्हणून कसं भागेल?

ज्ञानोबांची सोपी वाट

आता आजच्या श्लोकांवर माउली काय म्हणतात ते पाहू. आधी ते सांगतात की बुद्धीने धैर्यात मुक्काम करावा आणि मनाला अनुभवाच्या वाटेने हळूहळू आत्म्याच्या घरी नेऊन बसवावं. मग जणू समोरच्या श्रोत्याचा पडलेला चेहरा त्यांना दिसतो. हे जमत नसेल तर याहून सोपं ऐक, असं म्हणून ते दुसरी वाट दाखवतात. एक नियम तेवढा मनापासून आपला कर. त्याने चित्त स्थिर झालं तर काम झालंच. नाही झालं तर त्याला खुशाल मोकळं सोड. मोकळं सोडलेलं मन जिथे जाईल तिथून तो नियमच त्याला परत घेऊन येईल, आणि असं करता करता स्थिरता आपोआप अंगी येईल.

या ओव्या मी त्याआधीही अनेकदा वाचल्या होत्या. पण त्या कळल्या एका विशिष्ट रात्री.

बायको आणि लेक दोन दिवसांसाठी गावाला गेल्या होत्या. फ्लॅटमध्ये मी एकटा. आता रात्री काही झालं तर हॉस्पिटलमध्ये नेणारंही कोणी नाही, हा विचार सकाळपासून मानगुटीवर बसला होता. रात्री अकराला बायकोचा फोन आला. मी म्हणालो, “मला नाही वाटत आज झोप लागेल.” ती म्हणाली, “अरे, मग नको झोपूस. झोपायलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय? नुसता पडून राहा. आणि उद्या सकाळी सव्वासहाला मी फोन करणार आहे, तेव्हा मात्र ऊठ.”

फोन ठेवल्यावर मी देवघरापुढे बसून सार्थ ज्ञानेश्वरी उघडली आणि याच ओव्या काढल्या. नियम आपला कर. चित्ताला मोकळं सोड. बायको तेच तर म्हणाली होती! सव्वासहाला उठणं हा नियम, झोपेचं काय ते झोप बघेल.

आणि मग दुसऱ्या अध्यायातला, सगळ्यांना पाठ असलेला तो सत्तेचाळिसावा श्लोक आठवला. अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. आजवर मी त्याचा अर्थ प्रमोशन, पगार, परीक्षा यांच्याशीच जोडत आलो होतो. पण झोप हेसुद्धा फळच आहे! वेळेवर दिवा मालवणं, अंथरुणावर पडणं, सकाळी ठरल्या वेळी उठणं ही माझी कर्मं. झोप लागणं हे माझ्या हातात नाही. जगात कोणीही ‘आता झोप लागण्याचं काम करतो’ म्हणून झोप लावून घेऊ शकलेला नाही. आणि मी रोज रात्री नेमकं तेच करत होतो. नामालाही त्याच मजुरीला लावत होतो.

लेकीला झोपवताना हे मला रोज दिसत होतं. ‘झोप गं आता, उशीर झाला’ म्हटलं की ती टक्क डोळे उघडून बसायची. घाई नसली, नुसतं थोपटत राहिलो की पाच मिनिटांत मान कलायची. स्वतःच्या मनाला मात्र मी कधी थोपटलंच नव्हतं.

त्या रात्री बारा-सव्वाबाराला लाट आलीच. तीच धडधड, तशाच मुंग्या. मी उठून पळालो नाही, घड्याळही बघितलं नाही. मनात म्हटलं, ये, बस. तुला घालवायला मी नाम घेत नाहीये. तू असताना घेतोय. श्वास सोडताना सावकाश एकदा रामकृष्णहरी. मन छातीकडे धावलं, धावू दिलं. पुढचा श्वास सोडताना परत आणलं. ऑफिसकडे धावलं, परत आणलं. उद्याकडे, लेकीकडे, मरणाकडे. किती वेळा ते मोजलं नाही. आणि लाट ओसरली. त्याआधीही ती प्रत्येक वेळी ओसरलीच असणार, पण तेव्हा मी तिच्याशी झोंबत असायचो, म्हणून ओसरताना कधी पाहिलीच नव्हती.

त्या रात्री झोप तीनेक तासच झाली असेल. सव्वासहाला फोन वाजला तेव्हा डोळे चुरचुरत होते. पण मी उठलो. आणि बऱ्याच दिवसांनी त्या संध्याकाळी सात वाजता पोटात गोळा आला नाही.

शरीरात काय होतं

मी इंजिनीअर आहे, त्यामुळे यंत्र कसं चालतं ते कळल्याशिवाय समाधान होत नाही. थोडक्यात सांगतो.

धोका जाणवला की शरीर ॲड्रेनलिन सोडतं. हृदय जोरात धावतं, स्नायू ताठतात, श्वास भराभर होतो. समोर खरोखरच वाघ असेल तर हे उपयोगाचं आहे. अंथरुणावर वाघ नसतो, पण अलार्म मात्र खराच वाजतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या, चक्कर, श्वास पुरत नसल्याची भावना येते. ती बघून आपण आणखी घाबरतो आणि अलार्म आणखी जोरात वाजतो. पॅनिक अटॅक साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो. झोप लागताना अंगाला बसणारा हिसका हा तर निरोगी माणसांनाही होणारा प्रकार आहे. थकवा, चहा-कॉफी, ताण यांनी तो वाढतो.

व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल झोप न येणाऱ्यांना उलटाच उपाय सांगत: झोपायचा प्रयत्न सोडा, जागं राहायचा प्रयत्न करा. झोपेची धास्ती गेली की झोपेची वाट मोकळी होते. हे वाचलं तेव्हा मला बायकोचा फोन आठवला आणि माउलीही.

नियम कोणता करायचा?

माउली म्हणतात नियम आपला कर. माझे नियम पाच आहेत. यातले बरेचसे निद्रानाशावरच्या उपचारातूनच घेतले आहेत.

१. उठण्याची वेळ एकच. रात्र कशीही गेली तरी सव्वासहा. सुट्टीच्या दिवशीही.

२. फोन आणि घड्याळ झोपायच्या खोलीबाहेर. ऑन-कॉल असेन तेव्हा फोन हॉलमध्ये, आवाज मोठा. उशीखाली कधीच नाही.

३. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. आम्हा आयटीवाल्यांना हे सगळ्यात जड जातं!

४. झोप येऊ लागली तरच अंथरुणावर जायचं. पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर चिडचिड न करता उठायचं. हॉलमध्ये मंद दिव्यात हरिपाठाची छोटी पोथी वाचत बसायचं. पेंग आली की परत. अंथरूण म्हणजे तळमळायची जागा, हे शरीराचं शिक्षण असं हळूहळू पुसलं जातं. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही ती वापरतात.

५. लाट आली तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यायचा, आणि सोडताना नाम. लाट गेली का, हे तपासायचं नाही. तपासलं गेलं तर तेही मनाचं पळणंच. तिथूनही परत आणायचं.

सहाव्या अध्यायाच्या १६व्या आणि १७व्या श्लोकांत भगवंतांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. फार खाणाऱ्याला किंवा अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला किंवा सदा जागणाऱ्याला योग साधत नाही; खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागरण हे सगळं बेताचं असेल तर तो दुःख दूर करतो. झोपेचा विचार योगाच्या चर्चेत आला आहे. तो आपण क्षुल्लक समजू नये.

डॉक्टरांकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी होणं नव्हे

हे मी ठळक सांगतो. छातीत दुखणं, श्वास न पुरणं असं पहिल्यांदा झालं तर ‘हा पॅनिकच असेल’ असं घरबसल्या ठरवू नका, आधी हॉस्पिटल गाठा. थायरॉइडसारख्या दुखण्यातही धडधड होते. घोरणं आणि झोपेत श्वास अडकून जाग येणं याचं कारण आणखी वेगळं असू शकतं. तपासून घ्या.

तपासण्या नॉर्मल आल्या आणि तरी रात्री अशाच जात असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. निद्रानाशासाठी सीबीटी-आय नावाची औषधाविना केली जाणारी पद्धत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून तिचीच शिफारस केली. मी स्वतः काही महिने समुपदेशन घेतलं. कोणाला गोळ्या लागतील, कोणाला नाही; त्या आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि आपल्या मनाने बंदही करू नयेत. रात्री कोणाशीच बोलता येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन करायला लाजू नका. अर्जुनानेही आपली अवस्था मोठ्याने सांगितली, म्हणून तर पुढची गीता झाली.

पुन्हा तसं झालं तर?

खोटं लिहिणार नाही. अजूनही कधीकधी लाट येते. गेल्याच महिन्यात एका रात्री आली आणि सगळं शिकलेलं विसरून मी तासभर घड्याळ बघत बसलो.

अर्जुनालाही हीच शंका होती. पुढे ३४व्या श्लोकात तो म्हणतो की मनाला आवरणं वाऱ्याला धरण्याइतकं अवघड आहे. भगवंत ते नाकारत नाहीत. अवघड आहेच, असं आधी मान्य करतात आणि मग अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगतात. त्यावर अर्जुन आणखी पुढे जातो: प्रयत्न करूनही जो मधेच ढळला, तो फाटलेल्या ढगासारखा वाया जातो का? ४०व्या श्लोकात भगवंत उत्तर देतात की चांगलं करणाऱ्याची दुर्गती कधीच होत नाही. आणि तिथे ते त्याला ‘तात’ म्हणतात. बाळा, म्हणावं तसं. नेहमीचं कौंतेय नाही, धनंजय नाही.

रात्री दोन वाजता जागा असतो तेव्हा मी तो एकच शब्द आठवतो. अपयश आलं का, असं विचारणाऱ्याला देवाने ‘बाळा’ म्हटलंय.

चिंतनासाठी

रात्री अंथरुणावर मी माझं कर्म करतो की फळाची वाट बघत बसतो? नाम मी कशासाठी घेतो, भीती जावी म्हणून की भीतीतही कोणी सोबत असावं म्हणून? माझ्या घरात रात्री जागं असणारं कोण आहे, आणि मी त्याला शेवटचं कधी विचारलं?

आजची प्रार्थना

पांडुरंगा, आजचा दिवस झाला तेवढा झाला. राहिलेलं काम तुझ्या पायाशी ठेवतो. झोप दिलीस तर प्रसाद म्हणून घेईन. नाही दिलीस तर तुझ्या सोबतीने पडून राहीन. मन पळालं तर परत आणायची आठवण तेवढी दे. आणि माझ्यासारखे जे जे आत्ता जागे आहेत, त्यांच्या उशाशीही बस.

उद्या श्लोक २७. तोवर, शुभ रात्री.

रामकृष्णहरी!